डागाला दिलेला बंब

पवित्राचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, आणि जेवणाऱ्या माणसाकडून काहीही कबूल करून घेता येतं. पवित्रा म्हणजे माझी मुलगी. पुण्याला फॅशन डिझायनिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "पप्पा, घरात काही जुनं तांब्यापितळेचं आहे का? अगदी दोन-चार बारीक वस्तू. प्रोजेक्टला पाहिजेत." मी भाकरीचा घास तोंडात ठेवूनच म्हणालो, "आहे की. तू काळजी करू नको." मी आयुष्यात जितक्या वेळा हे वाक्य बोललो आहे, तितक्या वेळा समोरच्याला काळजी करावी लागली आहे.

"दोन-चार बारीक वस्तू" हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. मी ठेवले नाहीत.

प्रोजेक्टचा विषय होता स्टीमपंक. आधी एक फाईल करायची, त्यात हा प्रकार पुस्तकांतून, सिनेमांतून, कपड्यांतून कसा कसा आला ते मांडायचं, आणि शेवटी त्या पद्धतीचा एक पोशाख तयार करून दसऱ्यानंतरच्या प्रदर्शनात दाखवायचा. आता मी पडलो आवक-जावकचा माणूस. सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत बसून आलेल्या कागदावर नंबर टाकण्याचं काम केलं आहे. आलेला विषय कुठल्या सदरात बसतो हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. म्हणून मी हंबीररावांच्या जावयाच्या सायबर कॅफेत गेलो. हंबीरराव आमच्या समोर राहतात आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गल्लीतल्या तरुण मंडळाचे अध्यक्ष आहेत.

कॅफेत जे समजलं ते असं. वीज आणि पेट्रोल आलंच नसतं आणि सगळं जग वाफेवरच पुढं गेलं असतं तर ते कसं दिसलं असतं, अशी कल्पना करून परदेशात काही लोकांनी कादंबऱ्या लिहिल्या. कादंबऱ्यांच्या मागोमाग चित्रांची पुस्तकं आली, सिनेमे आले, कम्प्युटरवरचे खेळ आले. पुस्तकात वाफेवर चालणारं गणिताचं यंत्र, सिनेमात वाफेचं विमान, खेळात वाफेची बंदूक. आणि ज्यांचं वाचून, बघून, खेळून समाधान झालं नाही ते हा प्रकार अंगावर घालून हिंडायला लागले. छातीवर घड्याळाची चाकं, दंडाला पितळी नळ्या, कंबर आवळणारं चामड्याचं पोलकं आणि उंच टोपीवर वेल्डिंगचा चष्मा. चष्मा टोपीला लावून डोळे उघडे ठेवायचे यामागचा विचार मला कळला नाही. आमच्या उद्यमनगरात कुणी असा उभा राहिला तर फोरमन त्याला घरी पाठवेल.

पण खरं सांगतो, मला ते आवडलं. माझे वडील अण्णासो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत टर्नर होते. लहानपणी डबा द्यायला गेलो की हीच चाकं, हेच दांडे आणि हाच तेलाचा वास असायचा, आणि त्याची कुणाला काही किंमत वाटत नव्हती. वडील घरी येऊन आधी हात घासायचे आणि मग माणसात यायचे. इथं साता समुद्रापलीकडचे लोक तेच छातीवर मिरवत होते. मी साठ पानं छापून घेतली, कचेरीतल्या फाईलला लावली आणि भेटेल त्याला समजावून सांगू लागलो. आठवड्याभरात माझी वाट बघणारे कमी झाले आणि वाट बदलणारे वाढले.

वाट न बदलणारे एकच, गणपतराव. हे आमचे शेजारी. बिद्रीकडच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर काम करून निवृत्त झालेले. वाफेवर त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. त्यांनी माझी फाईल पायरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

"हे चाक कशात बसतंय?"

"कशातच नाही. शोभेचं आहे."

"मग फिरतंय कशानं?"

"फिरत नाही."

गणपतरावांनी चष्मा काढला. "न फिरणारं चाक माणसानं छातीवर कशाला लावायचं? आणि ह्यात वाफ कुठं हाय?"

वाफ कुठंच नव्हती. साठ पानांत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं आणि कबूल करायचीही तयारी नव्हती, म्हणून मी म्हणालो, "वाफ गृहीत धरायची."

"एकतीस वर्षं वाफ गृहीत धरली असती तर कारखाना उडाला असता. नाव स्टीम आणि आत टिपूसभर वाफ न्हाय. पुण्यात कुणी इचारलं तर पोरगी काय सांगंल?" असं म्हणत ते उठले आणि आमच्या घरात वाफ शोधू लागले. स्वयंपाकघरातल्या कुकरकडं त्यांनी दयेनं बघितलं. मग न्हाणीघराच्या दारात थांबले आणि म्हणाले, "प्रभुलिंगराव, वाफेचं म्हणाल तर तुमच्या घरात ह्यो एकच हाय."

तो आमचा बंब होता.

बंबाबद्दल इथं थोडं सांगायला पाहिजे. तांब्याचा, माझ्या छातीइतका उंच, मधून जाळाची नळी, खाली राखेची जाळी. माझी आई शांतव्वा, जिला आम्ही अव्वा म्हणतो, तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांनी तो घेतला होता. वर छिन्नीनं नाव घातलेलं, "सौ. शांतव्वा अण्णासो", आणि खाली साल. तोटी मात्र दुकानातली नव्हती. ती वडिलांनी स्वतः लेथवर केली. नवीन टर्नर आणि नवीन नवरा, दोन्ही एकदम झाल्यामुळे असेल, तिचे आटे उलटे पडले. सगळ्या जगाच्या तोट्या ज्या बाजूला उघडतात त्या बाजूला आमची बंद व्हायची. अंगाला साबण लावलेला पाहुणा आतून हाक मारायचा आणि अव्वा जागेवरून सांगायची, "उलटी फिरवा." पन्नास वर्षांत तिनं हे किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. वडिलांनी दुसरी तोटी करून देतो म्हटलं तेव्हा तिनं करू दिली नाही, म्हणाली, राहू दे, ओळखीची झाली.

वडील गेल्यावरही ती रोज पहाटे बंब पेटवायची. मी तीन वर्षांपूर्वी गिझर बसवला होता. तो तिनं वापरला नाही. त्या पाण्याला वास नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या मंडळींचं म्हणणं, वास आहे, तो धुराचा आहे आणि तो सगळ्या घराला आहे. या दोन म्हणण्यांच्या मधोमध मी तीन वर्षं राहत होतो. तेव्हा बंब कापायचं ठरवलं ते फक्त लेकीच्या प्रोजेक्टसाठी, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो असलो तरी ते पूर्ण खरं नाही. मला तो बंब घरातून जायला हवा होता. आणि त्याला लेकीच्या शिक्षणाचं निमित्त मिळालं तर मला वाईट कुणी म्हणणार नव्हतं.

अव्वाला खरं सांगायचं धैर्य मात्र झालं नाही. ती वाती वळत बसली होती. मी म्हणालो, "अव्वा, बंब खालनं झिरपतोय. बाळासोकडं डाग द्यायला नेतो."

"झिरपतोय? मला कसं दिसलं न्हाय?"

"बारीक आहे."

"ने की मग. दिवाळीच्या आत आण म्हणजे झालं. पाणी भरायचं हाय."

पाणी भरणं म्हणजे आमच्याकडचा सण. अव्वाचं माहेर नेसरीकडचं, सीमेजवळचं. तिकडं कानडीत त्याला नीर तुंबो हब्ब म्हणतात. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब चिंचेनं घासून लखलखीत करायचा, त्यावर हळदीकुंकवाचे पट्टे ओढायचे, गळ्यात कारिटाचा वेल बांधायचा, नवीन पाणी भरायचं आणि त्याची पूजा करायची. पहाटे त्याच पाण्यानं घरातल्या सगळ्यांची आंघोळ. अव्वाच्या लेखी त्याशिवाय दिवाळी सुरू होत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं आणि ठाऊक असून मी मान हलवली.

पवित्राला फोन केला तर ती घाबरली. "पप्पा, अख्खा बंब? मी दोन-चार वस्तू म्हणाले होते. आज्जी काय म्हणेल?"

"आज्जीनंच दिला. आनंदानं."

ती म्हणाली, "मग तोटी तेवढी पाठवा. तोटी छान दिसेल खांद्यावर." पण तोपर्यंत मी गणपतरावांबरोबर बसून तांब्याच्या चिलखताचा नकाशा काढला होता. नकाशा काढल्यावर माणूस ऐकत नसतो.

बाळासो हा आमचा जुना तांबट. त्याच्या बापानं आमची भांडी घडवली, यानं सगळ्यांना डाग दिले. त्यानं बंब उलटासुलटा करून बघितला, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ह्याच्यावर नाव हाय."

"असू दे."

"आईंस्नी इचारलंय?"

"विचारलंय," मी म्हणालो. एकाच आठवड्यातली माझी ही तिसरी थाप.

"बघा बाबा," तो म्हणाला. "चार दिसांनी या."

चार दिवसांनी गेलो तर पत्रा कापून तयार होता. आता छातीचा आकार ठोकायला माणूस पाहिजे. पवित्रानं फोनवर मापं दिली होती, पण बाळासो म्हणाला, मापावर पत्रा बसत नसतोय, अंगावर बसतोय. अंग हजर होतं ते माझं. पोशाख कॉलेजातल्या एका सडपातळ मुलीनं घालायचा होता आणि माझी शरीरयष्टी आवक-जावकची. गणपतराव म्हणाले, "मोठं झालं तर आत काहीतरी भरता येतंय. बारीक झालं तर काय करणार?" इतकं बिनतोड बोलल्यावर मी हात वर करून उभा राहिलो. बाळासोनं पुढचा पत्रा लावला, मागचा लावला आणि आकार हलू नये म्हणून दोन्ही कडांना भराभर रिव्हेटा मारल्या. चारही रिव्हेटा बसल्यावर आम्हा तिघांच्या एकदम लक्षात आलं की आता मला बाहेर कसं काढायचं याचा विचार नकाशात नव्हता.

बाळासो छिन्नी घेऊन आला आणि परत गेला. "आत माणूस असताना छिन्नी लावत न्हाय," तो म्हणाला. गणपतरावांकडं पत्रा कापायची मोठी कात्री होती, पण ती घरी. म्हणजे भर दुपारी, बंबात बसून, मला माझ्याच गल्लीत जायचं होतं. हंबीररावांना स्कूटर घेऊन बोलावलं. त्यांनी मला बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे मंडळाच्या देखाव्याला चालंल का हो?" बाळासोच्या बायकोनं एक शाल दिली. ती पांघरून, हात पंखांसारखे बाजूला ठेवून मी मागं बसलो. स्कूटर खड्ड्यात गेली की माझ्यातून घंटेचा आवाज येत होता. चौकात आमचे साहेब सिग्नलला थांबलेले दिसले. मी त्या दिवशी आजारपणाची रजा टाकली होती. साहेबांनी शाल बघितली, ऑक्टोबरचं ऊन बघितलं आणि काळजीनं म्हणाले, "अहो, हुडहुडी भरली असेल तर अंगावर काढू नका." मी मान हलवली आणि घंटा वाजली.

गणपतराव कात्री शोधत होते तोवर मला आमच्याच दाराशी उतरावं लागलं, आणि दारात अव्वा बसली होती.

"काय रं, थंडी वाजतीय व्हय?"

"होय. जरा कणकण आहे."

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मग शालीवरून पाठीला लावला. तो हात तिथं थोडा वेळ राहिला. मी श्वास धरून उभा होतो.

"अंग लई गार लागतंय," ती म्हणाली. "बस. काढा करतो." घरातल्या घरात ती कधी कधी पुरुषासारखं बोलायची, ती तिच्या माहेरची सवय. तिनं आलं आणि गवती चहा उकळून काढा आणला आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली. मी तिचाच बंब अंगात घालून तिच्या हातचा काढा प्यालो. मग कप घेऊन जाता जाता तिनं विचारलं, "झाला का रं डाग?"

"दोन दिवसांत होईल," मी म्हणालो.

त्या वेळी मला ते सगळं विनोदी वाटलं होतं. गणपतरावांनी कात्रीनं कडेचा पत्रा कापून मला बाहेर काढल्यावर हंबीररावांना मी ते हसून हसून सांगितलं.

पुण्याला आम्ही हंबीररावांच्या जीपमधून गेलो. मी, ते आणि गणपतराव, मागं पोत्यात गुंडाळलेलं चिलखत. गणपतरावांनी खांद्यातून वाफ यावी म्हणून कुकरची शिट्टी आणि रबरी नळीही घेतली होती. पुण्याच्या अलीकडं जकात नाक्यावर गाडी थांबली. कारकुनानं पोत्यावर टिचकी मारली.

"काय आहे?"

"कपडे," मी म्हणालो.

"कपडे वाजतायत."

"तांब्याचे आहेत."

"मग भांडी लिहा."

"भांडं नाही ते. पाणी राहत नाही."

"मग मशिनरी."

"मशिनरी न्हवं," गणपतराव मागून म्हणाले. "एक चाक फिरत न्हाय." हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कारकून चांगला माणूस होता. त्यानं खालपासून वरपर्यंत रकाने वाचले, 'मोड' हा रकाना वाचला, तो शब्द मला लागला. भंगार नव्हे, अशी मी हरकत घेतली. अर्धा तास विचार करून त्यानं लिहिलं, "इतर, नग एक." आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी रकान्यात बसवणारा मी, आणि माझी पहिली कलाकृती इतर निघाली.

कॉलेजात पोशाख घालणारी मुलगी आली. आम्ही ते चिलखत तिच्या अंगावर चढवलं, आत दोन उश्या भरल्या. ती दोन पावलं चालली आणि खाली बसली. मग तिला उठता येईना. चौदा किलो भरत होतं ते. पवित्रानं तिला सोडवलं आणि शांतपणे कपाटातून दुसरं चिलखत काढलं. फोमच्या शीटचं, वर तांब्याचा रंग. दिसायला आमच्यापेक्षा जास्त तांब्याचं. ते तिनं आधीच करून ठेवलं होतं.

"मला वाटलंच होतं पप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं.

मी बाकीचे पोशाख बघून आलो. सगळी चाकं पुठ्ठ्याची. नळ्या पाण्याच्या पाइपच्या. सोनेरी फवारा मारला की झालं. अख्ख्या प्रदर्शनात खरा धातू म्हणून एकच होता आणि तो कोपऱ्यात उश्यांसकट आडवा पडला होता. गणपतराव प्रत्येक पोशाखासमोर उभे राहून नुसती मान हलवत होते. शेवटी परीक्षक बाईंना त्यांनी विचारलंच, "ह्यात वाफ कुठं हाय?" बाई म्हणाल्या, "इट्स इमॅजिन्ड." गणपतराव माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यास्नीबी गृहीतच धरायला पाहिजे."

एवढ्या सगळ्यातून पवित्रानं एकच वस्तू वापरली, तिनं स्वतः मागितलेली. तोटी. फोमच्या खांद्यावर ती बसवली होती आणि खरोखर छान दिसत होती. परीक्षक बाईंनी ती फिरवून बघितली, सरळ बाजूला, आणि ती उघडली. मला जरा चुकल्यासारखं झालं. आमची तोटी अशी उघडत नसे. पण मनात म्हटलं, बाळासोनं आटे दुरुस्त केले असतील. पवित्राचा दुसरा नंबर आला. कापलेला बंब दोन पोत्यांत भरून आम्ही परत आणला आणि मी तो माळ्यावर टाकला. अव्वानं विचारलं, काय हाय? म्हटलं, पवित्राच्या कॉलेजचं सामान.

आणि रोज सकाळी, मी दाढी करत असताना, ती विचारायची, "झाला का रं डाग?"

मी सांगितलेली कारणं इथं सगळी देत नाही. बाळासोला ताप आला. बाळासो गगनबावड्याला पाहुण्याकडं गेला आणि घाटात पाऊस असल्यामुळं तिथंच राहिला. कथील मिळेना. कथील मिळालं पण भाता फुटला. बाळासोच्या घरातल्या तीन वडीलधाऱ्यांना मी त्या महिन्यात मारलं, त्यातला एक आधीच मेलेला होता. अव्वा सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असं व्हय." माझ्याकडं बघत राहायची, अजून काहीतरी राहिलंय अशी. मी दाढीच्या आरशात बघायचो.

दिवाळी आली. मी हंबीररावांचा बंब मागून आणला. त्यांच्याकडं सोलर आल्यापासून त्यात ते तांदूळ ठेवत होते. पितळी, ढेरपोट्या, वर त्यांच्या वडिलांचं नाव. "आपला होईस्तोवर हा," मी म्हणालो. अव्वानं तो चिंचेनं घासला. हळदीकुंकवाचे पट्टे ओढले, कारिटाचा वेल बांधला, पाणी भरलं. मग तोटी उघडायला गेली, उलटी फिरवली आणि ती घट्ट झाली. सुलटी फिरवायला तिला वेळ लागला. "दुसऱ्याच्या बंबाला हळद लावतोय," ती म्हणाली, "आपला रुसंल." मी म्हणालो, "अव्वा, पुढच्या वर्षी आपलाच." हंबीरराव दुसऱ्याच दिवशी तांदूळ कुठं ठेवायचा विचारत आले आणि बंब घेऊन गेले.

दिवाळीपर्यंत ती गॅसवर पातेल्यात पाणी तापवून घेत होती, त्यानंतर गिझरच्या पाण्यानं आंघोळ करू लागली. तक्रार केली नाही. बाहेर मला नळ आवळल्याचा आवाज यायचा, रोज, आधी उलटा आणि मग सुलटा. आमच्या मंडळींनी न्हाणीघराला पांढरा रंग दिला आणि घराचा धुराचा वास गेला. मी जिंकलो होतो, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिनं एके सकाळी डागाचं विचारलं नाही. मी स्वतःच म्हणालो, "अव्वा, बाळासो म्हणतोय या खेपेला नक्की." ती म्हणाली, "प्रभू, राहू दे आता डाग. मला न्हाय लागत बंब." आणि मला हायसं वाटलं. ते मी लपवत नाही. त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना चहा पाजला होता.

माघात अव्वा गेली. फार आजारी नव्हती, झोपेत गेली.

तिसऱ्या दिवशी बाळासो भेटायला आला. म्हणाला, "लई मोठ्या मनाची बाई. त्या बंबाच्या टायमाला बघा की."

मी विचारलं, "बंबाच्या वेळी काय?"

"नाव घातलेलं भांडं मोडायचं झालं तर जिचं नाव तिला इचारल्याशिवाय आमच्यात छिन्नी लावत न्हाईत. आमच्या बानं घालून दिलंय. तुम्ही इचारलंय म्हणालासा, पण मला काय पटंना. तुम्ही हापिसात गेल्यावर आलतो मी. म्हटलं, आईसाब, पोरीच्या कालेजच्या कपड्यासाठी कापायचा म्हणत्यात. त्या हसल्या. म्हणाल्या, तांब्याचं पोलकं? नात करणार हाय न्हवं, मग काप की, एवढा आनंदाचा उपेग दुसरा कुठला. तेवढी तोटी काढून दे म्हणाल्या, तिथं दुसरी बशीव. ती मी दिली आणून."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याच म्हणाल्या नको म्हणून. म्हणाल्या, मी इचारलं असं प्रभूला सांगू नको. त्यो सांगंल आपणहून."

त्यो सांगंल आपणहून. वर्षभर, रोज सकाळी, तिनं मला विचारलं ते बंबाचं नव्हतंच. शालीवर ठेवलेला तो हात मला आठवला. तिनं काढा करून दिला होता आणि समोर बसून राहिली होती. मी तेव्हा सांगितलं असतं तर आम्ही दोघं हसलो असतो आणि तिनंच कात्री शोधून दिली असती. मी पवित्राला थाप मारली होती की आज्जीनं आनंदानं दिला. एवढ्या थापांत ती एक खरी निघाली, आणि ती खरी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तोटी तिच्या ट्रंकेत सापडली, वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. चिंचेनं घासलेली होती. कधीतरी अलीकडंच.

ती मी न्हाणीघरातल्या नळाला बसवून घेतली. नळ बसवणारा म्हणाला, साहेब, ही उलटी आहे, लोकांना कळणार नाही. म्हटलं, सांगायला मी आहे.

पुढच्याच्या पुढच्या दिवाळीला पवित्रा नवऱ्याला घेऊन पहिल्या सणाला आली. पहाटे जावईबापू आंघोळीला गेले आणि अंगाला साबण लावून आतून हाका मारू लागले की पाणी येत नाही. मी जागेवरून म्हणालो, "उलटी फिरवा." पवित्रा चकली खाता खाता थांबली.

"पप्पा, आज्जीची तोटी माझ्याकडं आहे ना पुण्याला? मग ही कुठली?"

मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "बस. सांगतो." मग सगळं सांगितलं. झिरपण्यापासून माळ्यावरच्या पोत्यांपर्यंत, शाल, काढा, बाळासोचे मेलेले नातेवाईक, काही सोडलं नाही. मला वाटलं होतं अवघड जाईल. फार वेळ लागला नाही. जेमतेम दाढी होईल एवढा वेळ लागला. पवित्रा हसत होती आणि मग हसायची थांबली.

तेवढ्यात जावईबापूंनी पुन्हा हाक मारली. पाणी बंद कसं करायचं, बादली भरून वाहायला लागली होती. मी उठून दाराशी गेलो आणि म्हणालो, "बंद करायची तर उघडल्यासारखी फिरवा." आत आवाज थांबला. एवढी एक गोष्ट मी त्या घरात वेळेवर आणि खरी सांगितली.